२९च्या एमटीबीचं हँडल उंच वाटतंय? स्टेमला हात लावण्याआधी सीट मोजा

तक्रार ठरलेली असते. उंची पाच फूट तीन-चार इंच, सायकल २९ इंची चाकांची माउंटन बाइक (एमटीबी), फ्रेम स्मॉल. सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही. पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या चढाला लागलं की सगळ्यात हलक्या गियरवर पुढचं चाक डावी-उजवीकडे भटकतं, मुरुमावर पकड सोडतं, मध्ये दगड आला तर चक्क उचललं जातं. वळणावर पुढच्या टायरवर वजनच नाही असं वाटतं. मग दुकानात जाऊन स्टेमखालचा (हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्याखालचा) एखादा स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारी रिंग, काढून घेतला जातो. आठ दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच, वर पुढून टक-टक असा आवाज सुरू होतो तो वेगळाच.

यातली निम्मी प्रकरणं हँडलची नसतातच. उरलेल्या निम्म्यांत हँडल खरंच उंच असतं, पण ते खाली आणताना आणखी दोन गोष्टी बदलतात आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही. म्हणून क्रमाने जाऊ.

हँडल मुळात वर जातं कशामुळे

२६च्या रिमचा टायर बसण्याच्या जागेवरचा व्यास ५५९ मिमी, २७.५चा ५८४ आणि २९चा ६२२. (रोड बाइकचं ७००सी म्हणजेही हेच ६२२. टायर जाड आणि उंच, म्हणून नाव वेगळं.) टायर सारखाच धरला तर २६वरून २९वर आल्यावर पुढचा आस ३१.५ मिमी वर जातो. त्याच्यावर फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), फोर्कवर हेडसेट (हँडल फिरतं ती बेअरिंगं), त्यावर हेड ट्यूब (फ्रेमची पुढची उभी नळी), मग स्टेम. खालून सव्वा इंच वाढला की वरपर्यंत सगळंच सव्वा इंच वर.

पायडलची उंची मात्र वाढत नाही. बीबी, म्हणजे क्रँक जिथे बसतो तो भाग, आसाच्या रेषेखाली आणखी खोल ठेवून कंपन्या ती सांभाळतात. त्यामुळे सीट जुन्या जागी राहते आणि हँडल एकटंच चढतं. मोठ्या फ्रेममध्ये हेड ट्यूब आखूड करून हा फरक मुरवता येतो. स्मॉलमध्ये ती आधीच ९०-१०० मिमीची असते, तिला वरची आणि खालची अशा दोन नळ्या जोडायच्या असतात, आणखी कापायला जागा उरत नाही. म्हणून हा त्रास बुटक्या माणसालाच होतो, सहा फुटी मित्राला तुमची तक्रार कळतही नाही.

शर्यतीतल्या लोकांनाही हे चुकलेलं नाही. १९९९मध्ये डब्ल्यूटीबी कंपनीचा नॅनोरॅप्टर टायर आला आणि २९ची एमटीबी खऱ्या अर्थाने शक्य झाली. तरी पुढे कितीतरी वर्षं लहान चणीचे स्पर्धक तिच्यापासून लांब होते. १७३ सेंमी उंचीच्या स्विस स्पर्धक निनो शुर्टरने २०१२मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या पीटरमारिट्झबर्गची वर्ल्ड कप शर्यत जिंकली ती २७.५च्या चाकांवर. नंतर तोही २९वर आला, पण सायकलचा स्टेम जमिनीकडे इतका झुकलेला की फोटो पाहून लोकांना तो उलटा बसवलाय असं वाटायचं.

आधी टेप घ्या

सायकल सपाट फरशीवर भिंतीला लावून सरळ उभी करा. फरशीपासून सीटच्या माथ्यापर्यंत मोजा, मग फरशीपासून ग्रिपच्या मध्यापर्यंत. दोन्ही आकडे लिहून ठेवा, मोबाइलवर फोटोही काढा. टेकडीवर आणि जंगलातल्या वाटांवर हौसेने फिरणाऱ्या माणसासाठी ग्रिप सीटच्या बरोबरीला किंवा दोन-तीन सेंमी खाली ही चांगली सुरुवात. क्रॉसकंट्री शर्यत करणारे पाच सेंमी किंवा त्याहून खाली जातात. त्यांची कंबर आणि त्यांचा सराव वेगळा असतो, आकड्याची नक्कल करू नका.

आता सीट. आपल्याकडे निम्मी जनता सीट खाली ठेवून चालवते, कारण थांबल्यावर दोन्ही पाय टेकले पाहिजेत असं लहानपणापासून डोक्यात बसलेलं असतं. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली आणा. गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. चवड्यावर आलात की तोच गुडघा हलका वाकलेला राहतो. ही उंची लावल्यावर सीट तीन सेंमी वर गेली, तर तुमचं हँडल एकही स्क्रू न फिरवता तीन सेंमी खाली आलं! सीटपोस्टवरची किमान खोलीची खूण मात्र बाहेर येऊ देऊ नका.

सीट पुढे-मागेही सरकते. ती रुळावर फार मागे असेल तर चढावर वजन मागच्या चाकावर जाणारच. पण हँडल जवळ आणण्यासाठी सीट पुढे ओढू नका. ती पायांच्या हिशेबाने लावायची असते, हातांच्या नाही.

दुसरी फुकटची जागा म्हणजे फोर्क. १०० मिमी ट्रॅव्हलच्या (म्हणजे १०० मिमी दबू शकणाऱ्या) फोर्कवर माणूस बसला की तो १५ ते २० मिमी खाली बसायला हवा, यालाच सॅग म्हणतात. एअर फोर्क असेल तर दांडीवर रबरी रिंग असते. ती खाली सरकवा, लॉकआउट (फोर्क दबू न देणारी कळ) उघडा, हळूच सायकलवर बसा, न उसळता उतरा आणि रिंग किती वर गेली ते बघा. चार-पाच मिमीच गेली असेल तर हवा जास्त आहे. दुकानात बहुतेक वेळा जाड माणसाच्या हिशेबाने हवा भरून देतात, पंचावन्न किलोच्या माणसाखाली तो फोर्क बसतच नाही. शॉक पंपाने थोडी थोडी हवा सोडत सॅग लावला की पुढचं टोक सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उतरतं आणि टायरही जमिनीला धरून चालतो.

स्वस्त फोर्कमध्ये हवेऐवजी स्प्रिंग असते. तिथे डावीकडे प्रीलोडची (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी) गोल कळ असेल तर ती उणे खुणेकडे पूर्ण फिरवा. हलक्या माणसाला तेवढ्याने पुरेसा सॅग मिळेलच असं नाही, पण जे मिळेल ते घ्या.

स्पेसर, झाकण आणि उलटा स्टेम

एवढं करूनही हँडल उंच वाटत असेल तर स्टेमकडे या. लागतात ४ आणि ५ मिमीच्या अ‍ॅलन की, थोडं ग्रीस आणि जमलं तर टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना).

वरच्या टोपीचा, म्हणजे टॉप कॅपचा, बोल्ट काढा. मग स्टेमच्या मागच्या टोकाचे, बाजूने लावलेले दोन बोल्ट ढिले करा. याआधी पुढच्या चाकाखाली काहीतरी आधार द्या, नाहीतर फोर्क सरकन खाली उतरतो आणि बेअरिंगच्या रिंगा फरशीवर लोळतात. स्टेम वर काढा, त्याखालचे स्पेसर काढा, स्टेम परत बसवा आणि काढलेले स्पेसर स्टेमच्या वर ठेवा. फेकू नका, खिशातही घालू नका. कारण पुढे येतंय.

स्पेसर संपले की खाली एक शंकूसारखं झाकण दिसतं. बऱ्याच जणांना ते फ्रेमचाच भाग वाटतं. ते हेडसेटचं वरचं कव्हर असतं, कधीकधी १५ मिमी उंच. त्याच हेडसेटला बसणारं पाच मिमीचं चपटं कव्हर मिळालं तर एक सेंमी सहज सुटतो. कव्हरच्या आत एका ठिकाणी चिरलेली एक बारीक रिंग असते. फोर्कची नळी बेअरिंगच्या मधोमध तीच धरून ठेवते, ती हरवू नका. बदली कव्हर घेताना जुनं सोबत न्या, कारण हेडसेटचे आकार डोळ्यांना सारखे दिसतात आणि सारखे नसतात.

मग स्टेम उलटा करा. साध्या एमटीबीवर बहुधा सहा किंवा सात अंशांचा स्टेम असतो आणि दुकानातून तो वर तोंड करून येतो. कंपनीचं नाव उलटं वाचावं लागेल एवढाच तोटा. हिशोब बघा: हेड ट्यूबचा जमिनीशी कोन ७१ अंश, स्टेम ९० मिमी. सहा अंश वर असताना हँडल स्टेमच्या बुडापासून ३८ मिमी वर असतं, उलटा केल्यावर २० मिमी. म्हणजे १८ मिमी खाली, फुकटात. वीस मिमीचे स्पेसरही काढले असतील तर त्याचे आणखी १९. मिळून जवळपास पावणेचार सेंमी. २९च्या चाकाने जे चढवलं होतं त्याहून जास्तच.

पण स्टीअरर, म्हणजे फोर्कची वर येणारी नळी, मागे कललेला असतो, म्हणून हँडल खाली येताना पुढेही जातं. वरच्या उदाहरणात स्टेम उलटा केल्याने सहा मिमी आणि स्पेसरमुळे आणखी साडेसहा मिमी, असा एकूण सव्वा सेंमीचा फरक पडतो. "हँडल खाली घेतलं आणि हाताला मुंग्या यायला लागल्या" अशी तक्रार येते तेव्हा पुष्कळदा गुन्हेगार उंची नसून हे लांबलेलं अंतर असतं. उपाय सोपा आहे, ९०च्या जागी ८० मिमीचा स्टेम लावा. हँडल परत वर करण्याची गरज नसते.

इथे एक गंमत आहे. वर तोंड केलेला स्टेम जितका लांब, तितकं हँडल उंच. सहा अंश वर असलेला ९०चा स्टेम काढून तसाच ६०चा लावला तर हँडल साधारण बारा-तेरा मिमी खाली येतं आणि जवळही येतं. म्हणून हँडल खाली हवं म्हणून लांब स्टेम विकत घेणाऱ्याचं दोन्हीकडून नुकसान होतं.

ती टक-टक

हीच ती पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट. स्पेसर काढला, स्टेम खाली बसवला, सगळं घट्ट केलं. दोन चकरा झाल्या की ब्रेक दाबताना पुढून टक-टक. टोपी आणखी आवळली, तेवढ्यापुरतं थांबलं, पुन्हा सुरू. काही जण याला बेअरिंग गेलं समजून हेडसेट बदलतात.

टोपीचं काम स्टेम धरून ठेवणं नाही. ती स्टेमला खाली दाबते, स्टेम स्पेसरना दाबतो, स्पेसर बेअरिंगला, आणि तो दाब असतानाच स्टेमचे बाजूचे बोल्ट आवळले की काम झालं. त्यानंतर टोपी काढून टाकली तरी हँडल जागचं हलत नाही. (काढून फिरू नका, पाणी जातं.) हा दाब यायचा तर स्टीअररचं टोक स्टेमच्या किंवा वरच्या स्पेसरच्या माथ्यापेक्षा साधारण तीन मिमी खाली असलं पाहिजे. तुम्ही स्पेसर काढून खिशात घातला की नळी वर येते, टोपी तिच्यावर टेकते आणि बोल्ट कितीही आवळला तरी बेअरिंगपर्यंत काहीच पोहोचत नाही. ढिलाई तशीच राहते, खड्ड्यात आपटत राहते आणि शेवटी बेअरिंग खरंच खराब होतं.

म्हणून काढलेले स्पेसर वर ठेवायचे. टोपी काढून आत बघा. नळी माथ्याच्या बरोबरीला किंवा वर दिसली तर पाच मिमीचा स्पेसर वर चढवा.

आवळण्याचा क्रम: बाजूचे बोल्ट ढिले, टोपी हळूहळू आवळा, पुढचा ब्रेक धरून सायकल मागे-पुढे हलवत राहा. ढिलाई गेली की थांबा. पुढचं चाक उचलून हँडल सोडा, ते स्वतःच्या वजनाने एका बाजूला पडलं पाहिजे. अडखळत असेल तर जास्त आवळलंय. मग हँडल चाकाशी सरळ करा आणि बाजूचे बोल्ट आलटून-पालटून आवळा. स्टेमवर टॉर्कचा आकडा छापलेला असतो, बहुतेकदा ५ न्यूटन मीटरच्या आसपास. जोर काढून आवळण्याची सवय इथे सोडा, विशेषतः नळी किंवा हँडल कार्बनचं असेल तर.

तरीही टक-टक आहे? एका हाताने पुढचा ब्रेक धरून सायकल हलवा आणि दुसऱ्या हाताची बोटं आधी हेडसेटच्या सांध्यावर ठेवा, मग फोर्कच्या वरच्या आणि खालच्या नळीच्या सांध्यावर, जिथे काळी सील असते. हालचाल दुसऱ्या ठिकाणी जाणवली तर फोर्कचे बुश (आतल्या आधाराच्या रिंगा) झिजले आहेत आणि हेडसेट कितीही आवळा, उपयोग नाही. डिस्क ब्रेकचे पॅड कॅलिपरमध्ये किंचित हलतात, त्याचाही बारीक टक येतो. तो निरुपद्रवी.

अजून खाली हवंय

आता हँडलची दांडी बघा. मधून वर उचललेली असेल तर ती रायझर, २० मिमी किंवा जास्त. तिच्या जागी सपाट दांडी लावली की तेवढा फरक सरळ मिळतो, आणि एवढ्या सगळ्या खटाटोपात पैसे खर्चून मिळणारा सर्वात स्वच्छ उपाय माझ्या मते हाच. स्टेममधला व्यास जुळतोय ना ते बघून घ्या: ३१.८ मिमी सर्वात सर्रास, जुन्या आणि स्वस्त सायकलींवर २५.४, काही नव्या महागड्या सायकलींवर ३५.

रायझर उलटी लावण्याचा देशी उपायही चालतो. २० मिमीची दांडी उलटी केली तर ४० मिमीचा फरक पडतो. पण टोकं जी जराशी वर वळलेली असतात ती खाली वळतात आणि मनगट विचित्र कोनात राहतं. आठवडाभर चालवून "एवढं खाली चालतंय का" हे ठरवायला ठीक, कायमसाठी नाही.

त्यानंतर उणे १७ किंवा त्याहून जास्त झुकलेला स्टेम. त्याच ९० मिमी आणि ७१ अंशांच्या हिशेबात उणे १७चा स्टेम हँडल उणे सहापेक्षा आणखी १७ मिमी खाली नेतो. दिसायला स्टेम जवळपास जमिनीला समांतर. कोन बदलता येणारा, मध्ये सांधा असलेला स्टेम मात्र खडकाळ वाटेवरच्या सायकलीवर लावू नका. जड असतो, करकरतो आणि सांधा ढिला होत राहतो.

एवढं खाली गेल्यावर तीन गोष्टी तपासाच. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा: ब्रेकचा लिव्हर किंवा गियरचं बटण टॉप ट्यूबवर (फ्रेमच्या वरच्या नळीवर) आदळतंय का? स्मॉल फ्रेमवर ही शक्यता बरीच असते, आणि पडल्यावर नळीला पोचा तिथेच पडतो. केबल आणि ब्रेकची नळी आता लांब पडून फुगा करते, फांद्यांत अडकते. आवरून बांधा. आणि लिव्हरचा कोन नव्याने लावा. अंगाचा कल वाढलेला असतो, जुन्या कोनात मनगट मोडतं. दोन बोटं लिव्हरवर ठेवल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेषा यायला हवी.

हे करू नका

फोर्कचं ट्रॅव्हल १००चं ८० करून घेण्याचा सल्ला मिळतो. ज्या फोर्कमध्ये हे करता येतं तिथेही हिशोब फसवा आहे. पुढचं टोक २० मिमी खाली येतं, पण सायकल मागच्या आसाभोवती पुढे झुकते, त्यामुळे सीटही थोडी उतरते आणि हँडलचा सीटच्या तुलनेतला फरक जेमतेम बारा-तेरा मिमी राहतो. बदल्यात हेड ट्यूबचा कोन सुमारे एक अंश उभा होतो, उतारावर सायकल चंचल होते आणि बीबी सात-आठ मिमी खाली येऊन पायडल दगडांना लागतं. पुढे २७.५चं चाक लावण्याची आयडियाही याच जातीची. तेवढ्यासाठी उलटा स्टेम हाताशी असताना हे कशाला?

हेडसेटची खालची वाटी फ्रेमच्या बाहेर असेल तर दहा-बारा मिमी तिथे दडलेले असतात. सरळ स्टीअरर आणि ४४ मिमीची हेड ट्यूब असेल तर आत बसणारी वाटी लावता येते. त्याच हेड ट्यूबमध्ये खाली रुंद होत जाणारा, म्हणजे टेपर्ड, स्टीअरर असेल तर खालचं बेअरिंग आत मावतच नाही. तो विषय तिथेच संपला.

स्टीअरर कापण्याची घाई तर अजिबात नको. वर राहिलेले स्पेसर कुरूप दिसतात हे मान्य, आणि तीन सेंमीपेक्षा जास्त उंचवटा पडताना छातीला लागू शकतो. तरी महिना-दोन महिने चालवा, एखादा लांब चढ आणि एखादा तीव्र उतार दोन्ही होऊ द्या. उतारावर हँडलवरून पुढे फेकले जाऊ अशी भीती वाटायला लागली, मान दुखली, करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं, तर पाच मिमी परत वर घ्यायला नळी शिल्लक हवी. कापाल तेव्हाही पाच मिमीचा एक स्पेसर वर राहील एवढी ठेवा. कापल्यावर आतली स्टार नट (टोपीचा बोल्ट जिच्यात बसतो ती) सुमारे १५ मिमी खोल सरळ ठोकावी लागते, तिरकी गेली की टोपीचा बोल्ट बसत नाही. तेवढं काम ज्याच्याकडे ठोकायचं हत्यार आहे अशा मेकॅनिककडून करून घ्या.

तुमच्या सायकलला वर टोपी नसून एकच बोल्ट असलेला, हंसाच्या मानेसारखा वळलेला जुन्या पद्धतीचा स्टेम असेल (स्वस्त २९ सायकलींवर अजून येतो), तर वरचं बरंचसं लागू नाही. तो बोल्ट चार-पाच फेरे ढिला करा, त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने हलका ठोका द्या, आतली पाचर सुटते. मग हँडल सरळ खाली ढकला, खांबाला ग्रीस लावून परत आवळा. नळी आत खाली अरुंद होत असेल तर तिथे अडेल, त्यापुढे जबरदस्ती करू नका.

आणि हे सगळं करून, ६० मिमीचा स्टेम लावूनही हात ताणलेलेच राहत असतील तर फ्रेमवरचा आकार पुन्हा वाचा. सवलतीत उरलेला मीडियम "तुम्हाला चालून जाईल" म्हणून गळ्यात मारलेला असतो. ती सायकल स्टेमने लहान होत नाही. विकायची असेल तर पाऊस संपता संपता काढा, तेव्हा गिऱ्हाईक लवकर मिळतं. आणि विकण्याआधी स्पेसर परत खाली लावून ठेवा, पुढचा माणूस बहुधा उंच असेल.